आतड्याच्या ऑपरेशननंतरचा त्रास : सोसू नका, सांगा

आतड्याचे ऑपरेशन झालेल्या रुग्णाला सकाळच्या राउंडला 'कसे वाटते?' असे विचारले की बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : 'बरे आहे, डॉक्टर.' पोट फुगलेले असते, कुशीवर वळताना चेहऱ्यावर कळ दिसते, रात्रभर झोप झालेली नसते. तरीही 'बरे आहे'. थोडे खोदून विचारले तर शेजारी बसलेले नातेवाईक सांगतात, 'एवढे मोठे ऑपरेशन म्हटल्यावर थोडे दुखणारच ना!'

या 'थोडे दुखणारच' बद्दल आज लिहायचे आहे. ऑपरेशननंतर दुखते हे खरे आहे. पण ते दुखणे निमूटपणे सोसायचे असते, हे मात्र खरे नाही. माझे मत अगदी स्पष्ट आहे : आतड्याच्या ऑपरेशननंतर सोसणे हा गुण नाही. सोसत पडून राहिल्याने बरे व्हायला वेळ लागतो, आणि कधी कधी एखादी गंभीर गोष्ट उशिरा लक्षात येते. या काळात तुमच्या पोटात काय चालले आहे हे सर्वांत आधी तुम्हालाच कळते. ते तुम्ही सांगितले नाही, तर आमच्या हातातले निम्मे उपाय वायाच जातात.

मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आतड्याला पडलेला पीळ, टीबीमुळे अरुंद झालेले आतडे, आतड्याला पडलेले छिद्र अशा निरनिराळ्या कारणांनी आतड्याचा काही भाग काढावा लागतो. मग उरलेली दोन टोके एकमेकांना जोडतात, किंवा पोटावर पिशवी लावतात. कारण कोणतेही असो, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांतला आतला त्रास बऱ्याच अंशी सारखाच असतो. तो कशामुळे होतो हे कळले की निम्मी भीती कमी होते.

आतडे 'झोपते' म्हणजे काय?

निरोगी माणसाचे आतडे सतत हलत असते. साधारण ६ मीटर लांबीचे लहान आतडे आणि साधारण दीड मीटरचे मोठे आतडे लाटेसारखे आकुंचन पावत अन्न, पाणी आणि वायू पुढे ढकलत राहतात. ऑपरेशनमध्ये आतडे हाताळावे लागते. त्यामुळे त्याच्या भिंतीला सूज येते. शरीरावर आलेला ताण, भुलीची औषधे, अफूवर्गातली वेदनाशामके, रक्तातल्या पोटॅशियमसारख्या क्षारांची कमी-जास्त पातळी या सर्वांमुळे या लाटा मंदावतात. यालाच आम्ही 'इलियस' म्हणतो. तुम्ही 'आतडे झोपले' म्हणा.

आतड्याचे सगळे भाग एकदम जागे होत नाहीत. लहान आतडे साधारणपणे पहिल्या २४ तासांत हलू लागते. जठराला एक ते दोन दिवस लागतात. मोठे आतडे सर्वांत उशिरा, दोन ते तीन दिवसांनी जागे होते. कल्पना करा की एसटी स्टँडवर गाड्या आत येत आहेत, पण बाहेर पडायचा रस्ता अजून उघडलेला नाही. गर्दी होणारच. गिळलेली हवा आणि आतड्यात तयार होणारा वायू असाच अडकून राहतो. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोट फुगल्यासारखे वाटते, मुरडा येतो, गुडगुडते. पुष्कळ रुग्ण घाबरून म्हणतात, 'काल बरा होतो, आज जास्त त्रास का?' बऱ्याच वेळा त्याचे कारण हेच असते की आतडे आता जागे होऊ लागले आहे. येऊन जाऊन होणारी कळ आणि गुडगुड हा जागे होण्याचाच भाग आहे.

दुर्बिणीतून ऑपरेशन झाले असेल तर आणखी एक विचित्र त्रास होतो : खांदा दुखतो. ऑपरेशनच्या वेळी पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. त्यातला थोडा उरलेला वायू छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला डिवचतो. त्या पडद्याची आणि खांद्याची मज्जातंतूंची वाट एकमेकांशी जोडलेली असल्यामुळे मेंदूला वाटते की खांदाच दुखतो आहे. हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत जाते. मात्र त्याबरोबर छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर लगेच सांगायचे.

वेदनाशामक घेणे म्हणजे कमजोरी नव्हे

आपल्याकडे दोन समजुती पक्क्या आहेत. पहिली, 'जास्त गोळ्या घेतल्या तर जखम उशिरा भरते.' दुसरी, 'या औषधांची सवय लागते.' त्यामुळे रुग्ण शक्यतो औषध टाळतो आणि अगदी असह्य झाले की मागतो.

आता याचा परिणाम बघा. पोट दुखते म्हणून तुम्ही खोल श्वास घेत नाही आणि खोकणे टाळता. छातीत कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो. दुखते म्हणून तुम्ही पलंगावरून उठत नाही. पायांच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वाढतो. वेदनेमुळे शरीर ताणाखाली राहते आणि त्या ताणाने आतडे आणखी मंदावते. म्हणजे पोट फुगण्याचा जो त्रास कमी व्हायला हवा होता, तोच लांबतो.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. मॉर्फिन, ट्रामाडॉल यांसारखी औषधे वेदना कमी करतात, पण तीच आतड्याची हालचालही मंदावतात. म्हणून 'दुखले की जोरदार इंजेक्शन द्या' हा आग्रहही बरोबर नाही. आजची चांगली पद्धत म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची औषधे थोडी थोडी एकत्र वापरणे. पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळी, जखमेजवळची जागा किंवा मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, काही रुग्णांना पाठीच्या कण्याजवळ नळीतून दिले जाणारे औषध, आणि अफूवर्गातले औषध फक्त गरजेपुरते.

यात तुमचे काम काय? घड्याळाप्रमाणे लिहून दिलेली गोळी घड्याळाप्रमाणेच घ्यायची, दुखायची वाट बघायची नाही. 'दुखते' एवढेच न सांगता नेमके सांगायचे : पडून राहिल्यावर १० पैकी ३, खोकताना ७. दुखणे जखमेत आहे की पोटाच्या आत, सतत आहे की येऊन जाऊन आहे, कालपेक्षा कमी आहे की जास्त, हेही सांगायचे. या चार वाक्यांवरून डॉक्टरांना पुष्कळ कळते.

सवय लागण्याची भीती बाळगू नका. डॉक्टरांच्या देखरेखीखाली चार-सहा दिवस घेतलेल्या औषधाने सवय लागण्याची शक्यता फार कमी असते. पण घरी गेल्यावर त्या गोळ्या मनाने चालू ठेवायच्या नाहीत. मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन अशा गोळ्याही परस्पर आणायच्या नाहीत. त्यांचा मूत्रपिंडांवर आणि जठरावर परिणाम होऊ शकतो. शिवाय आतड्याची नवी जोडणी असेल तर काही सर्जन या गोळ्या मुद्दाम टाळतात. सर्दी-अंगदुखीच्या अनेक गोळ्यांमध्येही पॅरासिटामॉल असते. दोन वेगळ्या नावांच्या गोळ्या घेऊन एकाच औषधाचा दुप्पट डोस नकळत पोटात जातो. यकृताला ते महागात पडते.

'पूर्ण आराम' हा सल्ला आता जुना झाला

पूर्वी आतड्याच्या ऑपरेशननंतर नियम ठरलेले होते. नाकातून जठरात रायल्स ट्यूब, हाताला सलाईन, वायू सरेपर्यंत तोंडाने काही नाही, आणि अंथरुणावर विश्रांती. १९९० च्या दशकात डेन्मार्कमधले सर्जन हेन्रिक केह्लेट यांनी यातल्या एकेका नियमाला प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही नळी खरोखर हवीच का? एवढे उपाशी ठेवायचे कशासाठी? १९९७ मध्ये त्यांनी या विचाराची सविस्तर मांडणी केली. त्यातून पुढे 'एन्हान्स्ड रिकव्हरी आफ्टर सर्जरी' म्हणजे 'ईरास' नावाची पद्धत जगभर पसरली. उपास कमीत कमी, नळ्या लवकर काढणे, अफूवर्गातली औषधे कमी, तोंडाने लवकर सुरुवात आणि लवकर चालणे, हे तिचे मुख्य भाग आहेत. आतड्याच्या ऑपरेशनमध्ये ही पद्धत नीट पाळली तर गुंतागुंत कमी होते आणि रुग्ण लवकर घरी जातो, हे आता अनेक अभ्यासांतून दिसले आहे. रायल्स ट्यूब सरसकट सगळ्यांना ठेवल्याने फायदा होत नाही, हेही सिद्ध झाले आहे. उलट्या होत असतील किंवा पोट खूप फुगले असेल तर ती घालावी लागते, तेव्हा मात्र नाही म्हणू नका.

आपल्या घरांमध्ये अजून जुनाच नियम चालतो. 'उठू नकोस, टाके तुटतील' असे म्हणून मावशी, काकू, शेजारी प्रेमाने रुग्णाला झोपवून ठेवतात. टाके चालण्याने तुटत नाहीत. डॉक्टरांनी परवानगी दिली की त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी पलंगावरून पाय खाली सोडून बसायचे, मग खुर्चीत, मग वॉर्डात दहा-वीस पावले. पहिल्यांदा उठताना सिस्टर किंवा नातेवाईक जवळ हवेतच, कारण चक्कर येऊ शकते.

उठण्याची पद्धत शिकून घ्या. सरळ झोपलेल्या स्थितीतून पोटाला झटका देऊन उठू नका. आधी गुडघे वाकवा, पूर्ण अंग एकदम कुशीवर वळवा, पाय पलंगाखाली सोडा आणि हाताच्या आधाराने वर या. खोकताना, शिंकताना, हसताना पोटावर लहान उशी किंवा घडी केलेली चादर दोन्ही हातांनी धरा. जखमेला आधार मिळतो आणि कळ बरीच कमी होते.

केवळ चालल्यामुळे आतडे किती लवकर जागे होते, याचे पुरावे तितके ठोस नाहीत. पण चालण्याने फुप्फुसे मोकळी राहतात, गुठळ्यांचा धोका कमी होतो, ताकद टिकते, आणि अडकलेला वायू पुढे सरकल्यासारखे वाटते असे पुष्कळ रुग्ण सांगतात. झोपून राहण्याचे तोटे मात्र निश्चित आहेत.

खाणे-पिणे : घोट घोट, घास घास

'वायू सरल्याशिवाय पाण्याचा थेंब नाही' हा नियमही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. बहुतेक रुग्णांना पहिल्या दिवसापासून घोट घोट पाणी, नंतर पातळ आणि मग मऊ पदार्थ देता येतात. तुमच्या ऑपरेशनप्रमाणे ते कधी सुरू करायचे, हे तुमचे सर्जन ठरवतील. छिद्र पडून पोटात पू झाला असेल किंवा तातडीचे ऑपरेशन झाले असेल तर जास्त थांबावे लागते.

'सलाईन लावा म्हणजे ताकद येईल' हा आग्रह सोडून द्या. सलाईन म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. गरजेपेक्षा जास्त दिली तर आतड्याच्या भिंतीतच पाणी साठून सूज वाढते आणि आतडे आणखी उशिरा हलते. तोंडाने पुरेसे पाणी जात असेल तर सलाईन निघणे ही चांगली बातमी आहे.

दुसरी समजूत भाताची. 'भात खाल्ला की टाके पिकतात', 'डाळीने पू होतो', 'आंबट खाल्ले की जखम चिघळते.' जखमेत पू होतो तो जंतूंमुळे. भाताशी आणि डाळीशी त्याचा संबंध नाही. उलट सुरुवातीच्या दिवसांत मऊ भात, पेज, मुगाचे वरण, इडली, ताक हे पोटाला सोपे जाते. जखम भरायला प्रथिने लागतात. डाळ, दही, पनीर, आणि खात असाल तर अंडी, मासे थोडे थोडे सुरू करा. महिनाभर नुसत्या चहा-बिस्किटांवर राहिलेल्या रुग्णाचे टाके उशिरा भरतात, तेव्हा दोष भाताला देऊन काय उपयोग?

पोट फुगू नये म्हणून या गोष्टी करा. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे खा. घास बारीक चावा, जेवताना बोलणे कमी करा, स्ट्रॉने पिऊ नका, कारण या सगळ्यात हवा गिळली जाते. सोडा आणि कोल्ड्रिंक टाळा. 'सोडा प्यायलो की ढेकर येऊन बरे वाटते' हे खरे, पण ढेकरेतून निघणारा वायू त्या सोड्यानेच आणलेला असतो. कोबी, फ्लॉवर, राजमा, छोले, हरभरे, मक्याचे कणीस, कच्च्या कोशिंबिरी हे पदार्थ पहिले काही आठवडे लांब ठेवा आणि नंतर एकेक करून परत सुरू करा. दुधाने पोट फुगत असेल तर काही दिवस ताक-दह्यावर राहा.

दोन साधे उपाय अभ्यासांतून पुढे आले आहेत. पहिला, बिनसाखरेचे च्युइंगम. तोंड चघळू लागले की मेंदूला वाटते जेवण येते आहे, आणि तो आतड्याला जागे होण्याचा निरोप पाठवतो. फायदा थोडाच असतो आणि सगळ्याच अभ्यासांत तो दिसलेला नाही, पण उपाय स्वस्त आणि साधा आहे. कवळी असेल किंवा गिळायला त्रास असेल तर मात्र नको. दुसरा, कॉफी. २०१२ मध्ये जर्मनीतल्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या ऑपरेशननंतर काही रुग्णांना कॉफी आणि काहींना पाणी दिले. कॉफी पिणाऱ्यांना पहिल्यांदा शौचास काही तास लवकर झाली. ही कॉफी होती, आपला दूध-साखरेचा उकळलेला चहा नव्हे, हे चहाबाजांनी लक्षात घ्यावे. दोन्ही उपाय आपल्या डॉक्टरांना विचारूनच करा.

वायू सरण्याची लाज

आता ज्या विषयावर कोणी बोलत नाही, तो विषय. डॉक्टर रोज विचारतात, 'गॅस पास झाला का?' आणि रुग्ण मान खाली घालतो. जनरल वॉर्ड, दोन पलंगांमध्ये एक पडदा, भेटायला आलेले पाहुणे. बायकांची अवस्था तर आणखी अवघड. समोर सासरे किंवा दीर बसलेले असताना वायू सोडायचा कसा? मग त्या तासन्‌तास रोखून धरतात, पोट फुगत जाते आणि कळ वाढते.

वायू सरणे म्हणजे आतडे शेवटच्या टोकापर्यंत जागे झाल्याची पहिली बातमी. आम्ही डॉक्टर त्या बातमीची वाट बघत असतो. ती लपवू नका आणि वायू रोखू नका. आणि पाहुण्यांनो, पहिल्या तीन-चार दिवसांत रुग्णाला भेटायला गर्दी करू नका. गेलात तर पाच मिनिटांत उठा. फळांच्या करंडीपेक्षा रुग्णाला तुमचा हा एकांत जास्त हवा असतो. घरच्यांनीही 'आम्ही जरा बाहेर जाऊन येतो' असे म्हणून अधूनमधून त्याला मोकळे सोडावे.

वायू अडकला असेल तर डाव्या कुशीवर गुडघे थोडे वाकवून पडून बघा. पाठीवर झोपून एकेक गुडघा दुखणार नाही एवढाच वर आणा. हळू, खोल श्वास घ्या आणि थोडे चाला.

हे घरगुती उपाय आता नकोत

एरवी पोटदुखीला चालणारे काही उपाय नव्या जोडणीच्या काळात धोक्याचे आहेत. चहातून एरंडेल किंवा मेडिकलमधून आणलेला जुलाब परस्पर घेऊ नका. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय एनिमा किंवा गुदद्वारातून कोणतेही औषध तर अजिबात नको, विशेषतः जोडणी गुदद्वाराजवळ असेल तेव्हा. 'बेंबी सरकली' म्हणून पोट चोळून घेऊ नका. जखमेच्या आसपासच्या त्वचेची संवेदना काही काळ कमी असते. त्यामुळे गरम पाण्याच्या पिशवीने भाजले तरी लवकर कळत नाही. म्हणून जखमेजवळ शेकू नका. पोटपट्टा चालताना आधार देतो, पण तो घट्ट आवळून दिवसरात्र ठेवायचा नसतो. जेवणानंतर चिमूटभर भाजलेला ओवा चालेल का, असे विचारायलाही लाजू नका. बऱ्याच वेळा उत्तर 'चालेल' असेच असते, पण विचारा.

घरी गेल्यावरचे आठवडे

डिस्चार्ज मिळाला म्हणजे आतडे पूर्ववत झाले असे नाही. काही आठवडे, कधी काही महिने, शौचाचे वेळापत्रक बदललेले राहते. मोठ्या आतड्याचा उजवा भाग काढला असेल तर पातळ शौचास होऊ शकते. गुदाशयाचा भाग काढून खाली जोडणी केली असेल तर शौचास वारंवार लागते, एकदम घाई होते, एकदा जाऊन आले की पुन्हा जावेसे वाटते. रुग्ण बस, लग्न, देवळात जाणे सगळे सोडून घरात बसतात आणि कोणाला सांगत नाहीत. यावर आहारातले बदल, गुदद्वाराभोवतालच्या स्नायूंचे व्यायाम आणि औषधे असे उपाय आहेत. पण आधी तुम्ही तोंड उघडले पाहिजे. लहान आतड्याच्या शेवटचा बराच भाग काढला असेल तर पुढे व्हिटॅमिन बी १२ कमी पडू शकते. तपासणी कधी करायची ते विचारून ठेवा.

शौचाला जोर करू नका. जखम ताजी असताना भारतीय पद्धतीच्या संडासात बसणे कठीण जाते. काही आठवड्यांसाठी कमोडची खुर्ची आणा, आणि कमोडवर बसल्यावर पायाखाली लहान पाट ठेवा. बादली, सिलिंडर, पाण्याचे हंडे, लहान मूल असे ओझे साधारण सहा आठवडे, किंवा तुमच्या सर्जनने सांगितले असेल तोवर उचलू नका.

पोटावर पिशवी असेल तर तिच्यात वायू भरणे हे स्वाभाविक आहे. लहान आतड्याची पिशवी असेल तर मात्र किती पाणी बाहेर जाते याकडे लक्ष ठेवा. दिवसाला दीड लिटरच्या वर जाऊ लागले, तोंड कोरडे पडले, लघवी कमी झाली, तर शरीरातले पाणी आणि क्षार कमी होत आहेत. नुसते साधे पाणी पीत राहून ते भरून निघत नाही. ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.

त्रास कोणता आणि धोका कोणता?

आतापर्यंत सांगितला तो अपेक्षित त्रास. त्याची खूण अशी की तो रोज थोडा थोडा कमी होत जातो. धोक्याची खूण उलटी : बरे होत असताना एकदम बिघडते. आतड्याची जोडणी गळू लागली तर ते बहुधा पहिल्या आठवड्या-दीड आठवड्यात दिसते, कधी त्याहून उशिरा, रुग्ण घरी गेल्यावरही. यापैकी काहीही झाले तर रात्र असली तरी थांबू नका :

• पोटदुखी कमी होण्याऐवजी वाढत जाणे, पोट कडक होणे
• १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, थंडी वाजणे
• शांत बसलेले असतानाही नाडी १०० च्या वर राहणे, दम लागणे, छातीत दुखणे
• पोट फुगत जाणे, हिरव्या किंवा वारंवार उलट्या, वायू आणि शौच दोन्ही बंद होणे
• जखमेतून पू किंवा शौचासारखा स्राव येणे, टाके उघडणे
• गुदद्वारातून बरेच रक्त जाणे
• एका पायाची पोटरी सुजणे, दुखणे
• लघवी खूप कमी होणे, ग्लानी येणे, रुग्ण असंबद्ध बोलू लागणे

वयस्कर माणसांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये ताप किंवा जोराची वेदना नसतानाही आत बिघाड असू शकतो. 'आज काहीतरी बरे वाटत नाही' एवढेच त्यांनी म्हटले तरी ते हसण्यावारी नेऊ नका. गोळी घेऊन सकाळपर्यंत बघू, असे या बाबतीत करायचे नसते. 'बरे आहे, डॉक्टर' या उत्तराची खरी किंमत इथे मोजावी लागते.

ऑपरेशनच्या आधीच विचारा

दोष फक्त रुग्णांचा नाही. आम्ही डॉक्टर मंडळी ऑपरेशनचा धोका आणि खर्च सांगतो, सह्या घेतो, पण त्यानंतरचे आठ दिवस कसे जातील हे बऱ्याचदा सांगत नाही. माझ्या मते हे सांगणे ऑपरेशनचाच भाग मानला पाहिजे. कोणी सांगितले नाही, तर तुम्ही विचारा. वहीत लिहून न्या :

माझे दुखणे कमी ठेवण्यासाठी काय काय देणार? मी पहिल्यांदा कधी उठायचे? पाणी आणि जेवण कधी सुरू होईल? ऑपरेशनच्या आधी किती तास उपाशी राहायचे? घरी गेल्यावर रात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. तो नंबर घेतल्याशिवाय घरी जाऊ नका, आणि घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये तो साठवून ठेवा.

ऑपरेशन सर्जन करतो, पण आतड्याला जागे करायचे काम सर्जन, सिस्टर, घरचे आणि तुम्ही मिळून करायचे असते. तुमच्या वाट्याला चार गोष्टी येतात : वेळेवर औषध, थोडे चालणे, घोट घोट पिणे, आणि जे होते आहे ते खरे खरे सांगणे. पहिल्या तिन्ही गोष्टी बरोबर चालल्या आहेत की नाही, हे आम्हाला चौथीवरूनच कळते.